लांबच्या प्रवासासाठी आरामदायी मोटरसायकल कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नवी गाडी बघायला गेलेला माणूस आधी अ‍ॅव्हरेज विचारतो, मग सीसी, मग ऑन-रोड किंमत. कोल्हापूरच्या पुढे गेल्यावर बोलायला लागतात ते मात्र बूड, मनगटं, मान आणि गुडघे. त्यांच्याबद्दल शोरूममध्ये कुणी काही विचारलेलंच नसतं. खालचे प्रश्न त्यांच्या बाजूने आहेत. मॉडेलचे आकडे कंपन्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी ते चालू वर्षाच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावेत.

लांब जायला किमान किती सीसीची गाडी लागते?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कमी. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुचाकीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किमी आणि इतर रस्त्यांवर ६० किमीची कमाल मर्यादा आहे. पाटीवर त्याहून कमी लिहिलं असेल तर ते पाळायचं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे पुण्याहून निघणाऱ्याचा बहुतेक वेळ ६० ते ८० या पट्ट्यातच जातो. त्या वेगाला इंजिन निवांत चालतं का, एवढाच सीसीचा प्रश्न उरतो.

एकटे असाल आणि दहा-बारा किलो सामान असेल तर १६० ते २०० सीसी पुरते. डबलसीट, वर सामान, आणि खंबाटकी किंवा आंबोली चढायची असेल तर २५० ते ३५० घ्यावी. त्यापुढच्या ताकदीचा उपयोग ट्रकला ओव्हरटेक करताना जाणवतो हे खरं, पण तिच्याबरोबर वजन, उष्णता आणि पेट्रोलचा खर्चही येतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. या फरकाच्या पैशात सीट, विंडशील्ड आणि चांगलं जॅकेट आरामात बसतं.

क्रूझर आरामदायी असते ना? खाली बसायचं, पाय पुढे, हात वर.

पहिला तासभर असते. रस्ता गुळगुळीत असेल तर दिवसभरही असते.

अडचण बसण्याच्या पद्धतीत आहे. पाय पुढे गेले की शरीराचं जवळजवळ सगळं वजन माकडहाडाच्या भागावर येतं. पाय कमरेच्या खाली असले की खड्डा दिसताच फूटरेस्टवर किंचित उठता येतं, धक्का गुडघे खातात. क्रूझरवर तसं उठता येत नाही, धक्का सरळ मणक्यात जातो. त्यात सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या शॉकला हलायला जागाही कमी दिलेली असते. रॉयल एनफील्ड सुपर मीटिअर ६५० चा मागचा शॉक सुमारे १०० मिमी दबतो, हिमालयन ४५० चा २०० मिमी. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर हा फरक कमी जाणवेल. ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना किंवा भोरहून वरंध घाटात शिरल्यावर तो प्रत्येक खड्ड्याला मोजून मिळेल.

अ‍ॅडव्हेंचर प्रकारात पाठ सरळ, हँडल रुंद, पाय खाली आणि शॉकना भरपूर प्रवास. आपल्या रस्त्यांना ही बैठक सगळ्यात जास्त मानवते. मोबदल्यात सीट उंच मिळते आणि आडवा वारा जास्त लागतो. तिसरा प्रकार साध्या सरळ बसायच्या रोडस्टरचा. होंडा सीबी ३५०, क्लासिक ३५०, ट्रायम्फ स्पीड ४०० या त्यातल्या. वारा अंगावर येतो, पण बैठक बहुतेकांना जमते. स्पोर्ट्स गाडीवर पुढे वाकलेल्या अंगाला जोरात वारा लागला तर तो छातीला टेकू देतो. ८० च्या मर्यादेत तेवढा वारा नसतो, त्यामुळे भार मनगटांवरच राहतो. लांब जायला ती घेऊ नये.

आमचं मत सरळ आहे: वर्षातून चार-सहा वेळा कोकणात उतरणार असाल तर अ‍ॅडव्हेंचर किंवा रोडस्टर घ्या. महामार्ग धरून बेंगळुरू-हंपी करणार असाल आणि उंची कमी असेल तर क्रूझर घ्या. नुसती दिसते छान म्हणून क्रूझर घेऊ नका.

माझी उंची साडेपाच फूट आहे. ८२५ मिमीची सीट झेपेल का?

उंचीवरून उत्तर मिळत नाही, पायांच्या लांबीवरून मिळतं. ती अशी मोजायची: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये आडवं धरून खोगिरासारखं वर दाबायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करायची आणि जमिनीपासून अंतर मोजायचं. त्यात बुटाच्या तळव्याचे २५-३० मिमी मिळवा.

ही बेरीज सीटच्या उंचीइतकी किंवा जास्त आली तर पाय आरामात टेकतील. ३०-४० मिमी कमी आली तर चवडे टेकतील, आणि लांबच्या प्रवासाला तेवढं चालतं. तुमच्या वजनाने शॉक दबतात आणि सीट खाली येते, म्हणून कागदावर उंच वाटणारी गाडी प्रत्यक्षात जमू शकते. उलटंही होतं. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि ८०० मिमीची गाडीसुद्धा उंच वाटते. पुढे निमुळती सीट असलेली ८२५ ची गाडी रुंद सीटच्या ८०० पेक्षा सोपी पडू शकते.

अंदाजासाठी काही उंची: बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ ७३७, सुपर मीटिअर ६५० ७४०, मीटिअर ३५० ७६५, डॉमिनार ४०० आणि सीबी ३५० साधारण ८००, हीरो एक्सपल्स २०० ८२५, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५ मिमी. हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन जागी बसवता येते.

उंचीबरोबर वजन बघायचंच. १६० किलोची उंच गाडी एका पायावर सावरता येते, १९५ किलोची सामानासकट कलली की सावरत नाही. सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमधून किंवा पेठेतल्या बोळातून गाडी उलटी ढकलून बाहेर काढता येते का, ही खरी परीक्षा. लोअरिंग लिंक (मागच्या शॉकची गाडी खाली आणणारी बदली जोडपट्टी) टाकून गाडी बसकी करू नका. जमिनीपासूनचं अंतर घटतं, आणि साइड स्टँड आता लांब पडल्यामुळे गाडी त्यावर जवळजवळ उभीच राहते. थोडा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला आडवी.

शोरूममध्ये उभ्या गाडीवर बसून काय कळू शकतं?

बरंच काही, पण दहा मिनिटं तरी बसावं लागतं. लाज वाटू देऊ नका, दोन-तीन लाख तुम्ही देणार आहात.

गाडी मेन स्टँडवर घ्या किंवा सोबत्याला धरायला सांगा. डोळे मिटून सहज बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, मग हात पुढे न्या. डोळे उघडल्यावर हात हँडलच्या मुठींपर्यंत आपसूक आले आहेत की ताणावे लागताहेत ते दिसेल. आता मुठी सोडून हात एक इंच वर उचला. पोट न आवळता बैठक टिकली तर ठीक. अंग पुढे पडायला लागलं तर तेच वजन दिवसभर मनगटांवर येणार.

मग हँडल न ओढता फूटरेस्टवर उभं राहून बघा. जमलं तर खड्ड्यांत पाय कामाला येतील. गुडघे ९० अंशांपेक्षा फार दुमडत असतील तर शंभर किलोमीटरनंतर ते बोलतीलच. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. दूरची मूठ गाठायला खांदा पुढे ओढला जात असेल तर घाटातल्या यू टर्नला त्रास होईल.

टेस्ट राइड किती आणि कुठे घ्यावी?

शोरूमभोवतीच्या एका चकरीत फक्त हॉर्न कळतो. किमान ४० किमी आणि तासभर हवा, कारण सीटचा फोम दबून खरी गाठ पडायला तेवढा वेळ लागतो. शोरूम देत नसेल तर तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने घ्या. भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर विमा अडचणीत येतो.

मार्ग असा निवडा की सगळे प्रकारचे रस्ते मिळतील. कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूर, कापूरहोळवरून भोरकडे वळायचं आणि परत. महामार्ग, वळणं, गतिरोधक, गावातली गर्दी सगळं यात येतं. महामार्गावर ७५-८० चा वेग सलग वीस मिनिटं ठेवा आणि मधेमधे बोटांकडे, पावलांकडे लक्ष द्या. मागे नेहमी बसणारं माणूस असेल तर त्यालाही परतीच्या वाटेवर बसवा.

तासाभरात बूड दुखायला लागतं. सीट मऊ करून घेऊ का?

मऊपणामुळेच दुखत असण्याची शक्यता जास्त आहे. मऊ फोम बसताना छान वाटतो, अर्ध्या तासात पूर्ण दबतो आणि बसण्याची दोन हाडं खालच्या प्लॅस्टिकला टेकतात. मुठीने सीट जोरात दाबून बघा. खालचा पत्रा किंवा प्लॅस्टिक हाताला लागलं तर तो फोम लांबच्या कामाचा नाही. चांगली सीट हाताला जरा कडक लागते, मागच्या भागात सपाट आणि रुंद असते. टाकीकडे उतार असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि दाब नको तिथे येतो.

नाना पेठेत किंवा तुमच्या भागात सीट बनवणारा असेल तर त्याला नुसतं ‘फोम वाढव’ सांगू नका. आहे त्या फोमवर नवा थर चढवला की सीट घुमटासारखी होते, उंची वाढते आणि पाय टेकेनासे होतात. बसायच्या जागचा फोम कापून तिथे दाट फोम भरायला सांगा, वर एखादा सेंटिमीटर मऊ थर, टाकीजवळचा भाग निमुळताच ठेवायचा. कव्हरची शिवण बसायच्या जागेच्या मधोमध येऊ द्यायची नाही, आणि कव्हरखाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा. नाहीतर शिवणीच्या भोकांतून पावसाचं पाणी फोममध्ये जातं आणि पुढचे दोन दिवस तुम्ही ओल्या सीटवर बसता. कंपनीची सीट कापू नये. जुनी सीट मिळवून तिच्यावर प्रयोग करावा.

हवेची गादी वापरणार असाल तर ती टम्म फुगवू नका. वर बसा आणि हवा सोडत जा. हाडं आणि सीट यांत बोटभर अंतर उरलं की थांबा. जेलची गादी दाब चांगला पसरवते, पण उन्हात उभ्या गाडीवर ती तव्यासारखी तापते.

आणि एक फुकटचा उपाय: मागच्या खिशातलं पाकीट काढा. एका बाजूला पाकीट ठेवून तीन-चार तास बसलं की कंबर तिरकी राहते, आणि कळ मांडीतून खाली उतरते. जाड शिवणीची जीन्सही घालू नये.

बोटं बधिर होतात. गाडीचा दोष की माझा?

कोणती बोटं, त्यावर ठरतं. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब येतोय, म्हणजे तुम्ही हँडलवर रेलताय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट वर मुडपलेलं राहतंय. दुसऱ्या प्रकाराला बहुतेक वेळा क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन जबाबदार असतो. शोरूममधून लिव्हर जरा वर केलेले येतात. बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा झाली पाहिजे. लिव्हरचा क्लॅम्प एल-कीने किंवा पान्याने सैल करा, लिव्हर थोडा खाली फिरवा, पुन्हा आवळा. पाच मिनिटांचं काम आहे.

रेलण्यावर हँडल रायझरचा, म्हणजे हँडलखाली बसवायच्या ठोकळ्यांचा, उपाय आहे. २५-३० मिमीने हँडल वर आणि थोडं मागे येतं. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल आणि ब्रेकचा पाइप ताणत नाहीत ना ते बघा. इंजिन चालू ठेवून हँडल वळवा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आपोआप वाढला तर केबल ओढली जातेय, तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

घट्ट हातमोजे आणि मूठ गच्च धरण्याची सवय, ही उरलेली दोन कारणं.

व्हायब्रेशन किती असलं तर चालतं, आणि ते कुठून येतं हे कसं ओळखायचं?

एका सिलिंडरच्या इंजिनात थोडं व्हायब्रेशन असणारच. बॅलन्सर शाफ्ट (हादरे खोडून काढणारा फिरता दांडा) असलेल्या इंजिनात ते बरंच कमी होतं. रॉयल एनफील्डच्या २०२० मधल्या मीटिअर ३५० पासूनच्या आणि त्याआधीच्या ३५० सीसी गाड्यांमधला मोठा फरक हाच आहे. दोन सिलिंडरची ६५० आणखी मऊ चालते. पण प्रत्येक इंजिनाला एखादा आरपीएमचा पट्टा नकोसा असतो. तुमचा नेहमीचा वेग त्याच पट्ट्यात पडत असेल तर बाकीची गाडी कितीही चांगली असो, ती तुमची नाही. टेस्ट राइडला ७० ते ८५ मध्ये वरच्या गिअरला नेमकं हेच बघायचं.

आधी ठीक असलेली गाडी मध्येच हादरायला लागली तर अशी उकल करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. हादरा थांबला तर इंजिन, त्याचे माउंटिंग बोल्ट किंवा सायलेन्सरचे क्लॅम्प तपासा. चालूच राहिला तर चाकाचा बॅलन्स, टायरला आलेला फुगा, वाकडी रिम किंवा चेन-स्प्रॉकेट. वेगवेगळ्या गिअरमध्ये एकाच आरपीएमला हादरा येत असेल तरीही तो इंजिनाकडचाच. मुठींच्या टोकाला बसवायची वजनं आणि फोमच्या मुठी थोडा आराम देतात, पण सैल बोल्टवर तो उपाय नव्हे.

विंडशील्ड उंच घेतली की झालं ना?

नाही. काचेच्या कडेवरून सुटणारी हवा हेल्मेटच्या हनुवटीवर आदळली की डोकं थडथडतं आणि आवाज वाढतो. काच नसलेली गाडी त्यापेक्षा बरी वाटावी अशी अवस्था होते. हवा खांद्यांवर किंवा थेट हेल्मेटच्या वरून गेली पाहिजे.

तपासायची पद्धत: मोकळ्या रस्त्यावर ७० च्या वेगाला थोडं खाली वाका. आवाज आणि थडथड कमी झाली तर काच ठेंगणी आहे. फूटरेस्टवर किंचित उठल्यावर कमी झाली तर काच तुमच्यासाठी जास्त उंच आहे. काचेच्या तळाशी दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवली की मागे तयार होणारी पोकळी भरते आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. काचेच्या वरच्या कडेतून रस्ता बघावा लागेल इतकी उंच काच तर कधीच नको. पावसात आणि समोरून येणाऱ्या हेडलाइटमध्ये काही दिसत नाही.

शॉक सेट करणं म्हणजे काय? मेकॅनिक म्हणतो ‘कडक करून देतो’.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, वजन पडल्यावर गाडी कुठल्या उंचीवर उभी राहील एवढंच बदलतं. तरी ते नीट असणं फार महत्त्वाचं. शॉक आधीच खाली दबलेला असेल तर खड्ड्यासाठी जागा उरत नाही, आणि फार वर असेल तर मागचं चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं.

दोन मदतनीस आणि एक टेप घ्या. मागचं चाक अधांतरी येईल अशी गाडी मेन स्टँडवर घ्या, मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंत मोजा. मग गाडी चाकांवर आणा, प्रवासाचे कपडे आणि सामानासकट बसा, एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावं. फरक एकूण प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा. म्हणजे १३० मिमी प्रवास असेल तर ४० मिमीच्या आसपास, २०० मिमीला साधारण ६०. फरक जास्त असेल तर सी-पान्याने प्रीलोड वाढवा, कमी असेल तर उतरवा. दोन शॉक असतील तर दोन्हीकडे सारखीच खाच हवी. डबलसीट निघताना वाढवलेला प्रीलोड घरी आल्यावर परत कमी करायला लोक विसरतात, मग ‘गाडी हल्ली आपटते’ म्हणून शॉक बदलतात.

हवेचंही असंच. आकडा चेन कव्हरवरच्या किंवा स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, डबलसीटसाठी मागच्या टायरला तीन-चार पीएसआय जास्त दिलेले असतात. हवा थंड टायरमध्ये भरायची. शंभर किलोमीटर चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा सोडू नका.

डबलसीट जायचं आहे. मागच्या माणसासाठी काय बघू?

मागची सीट किमान एक माणूस पूर्ण बसेल इतकी रुंद आणि शक्यतो सपाट हवी. मागचे फूटरेस्ट फार वर असतील तर गुडघे दुमडून राहतात. मागे बसणाऱ्याला उभ्या गाडीवर वीस मिनिटं बसवा, उत्तर तिथेच मिळेल. धरायला दोन्ही बाजूंना मजबूत दांडा हवा. पाठीचा टेकू मिळाला तर मागच्या माणसाचा थकवा निम्म्यावर येतो, कारण प्रत्येक अ‍ॅक्सिलरेशनला पोट आवळून बसावं लागत नाही. एका बाजूला पाय टाकून बसणं गावातल्या गावात ठीक, महामार्गावर नाही.

वजनाचा हिशेब पुस्तिकेत असतो. एकूण परवानगीच्या वजनातून गाडीचं पेट्रोलसकट वजन वजा करायचं. समजा ३५० उणे १९० म्हणजे १६० किलो. ७५ आणि ६० किलोची दोन माणसं बसली की सामानाला २५ किलो उरले, त्यातच बॉक्स, कॅरियर आणि लेगगार्डही आले.

सामान पाठीवर, टॉप बॉक्समध्ये की बाजूच्या बॅगांत?

पाठीवर काहीच नको, पाण्याची लहान पिशवी सोडून. आठ किलोची सॅक खांद्यांवरून सरळ बसण्याच्या हाडांवर येते. जड वस्तू खाली आणि पुढे: हत्यारं, पाणी, पेट्रोलची बाटली बाजूच्या बॅगांत पुढच्या टोकाला. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतो, त्यात जड भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. त्यात रेनकोट, स्वेटर, कागदपत्रं एवढंच. बॉक्सवर लिहिलेली किलोची मर्यादा सजावटीसाठी नसते. बंजी दोरीचा लोंबता हुक चेनमध्ये किंवा चाकात गेला तर मागचं चाक जाम होतं, म्हणून पट्टे वापरा आणि टोकं बांधून टाका.

टाकी केवढी हवी?

आपल्या भागात ३०० किमी चालेल एवढी पुरे. १३ लिटर गुणिले ३० म्हणजे ३९०, त्यातले शेवटचे दोन लिटर धरायचे नाहीत. तुमचं बूड टाकीच्या आधी थांबा म्हणेल, तेव्हा मोठ्या टाकीसाठी जड गाडी घेऊ नये.

पावसाळ्यात कोकणात जायला वेगळं काय लागतं?

१२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहेच, पण दोन्ही चाकांना आहे का ते विचारा. सिंगल चॅनेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. घाट उतरताना ओल्या शेवाळलेल्या वळणावर मागचं चाक घसरतं, तिथे ड्युअल चॅनेल उपयोगी पडतं. मागचा मडगार्ड लांब असावा, नाहीतर चिखल मागच्या माणसाच्या पाठीवर. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवला की भागतं. स्पोक व्हीलच्या बहुतेक गाड्यांना ट्यूब असते, तिथे चाक उतरवावं लागतं. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोक व्हीलचा पर्याय २०२४ पासून मिळतो.

चेन पावसात रोज संध्याकाळी पुसून तेल द्या, एरवी ५०० किमीला. चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे ठेवा आणि गाडीवर माणसं बसवून एकदा बघा. बऱ्याच गाड्यांत भार पडल्यावर चेन ताणली जाते, आणि आधीच घट्ट असेल तर बेअरिंग खाते.

किनाऱ्याने जाणाऱ्यांनी जेट्टीचा विचार करावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर चढ-उतार करताना ओला उतार असतो. तिथे २४० किलोची गाडी एकट्याने आवरणं म्हणजे कसरत आहे.

उन्हाळ्यात पायांना गरम हवा लागते. कोणती गाडी टाळू?

पाण्याने थंड होणाऱ्या ताकदवान इंजिनाचा पंखा गर्दीत पोटऱ्यांवर गरम हवा सोडतो. चालत्या गाडीवर तो प्रश्न राहत नाही. रोज हिंजवडीच्या सिग्नलला अडकणार असाल आणि लांबचा प्रवास महिन्यातून एकदा, तर हवेने थंड होणारी ३५० जास्त सुखाची. मार्च ते मे या दिवसांत भर दुपारी टेस्ट राइड घेतली तर सगळं कळतं.

माझ्या कमरेच्या मणक्याला त्रास आहे. गाडी चालवू का?

ते डॉक्टरांना विचारा, मेकॅनिकला नाही. परवानगी असेल तर सरळ पाठीची बैठक, पाय कमरेखाली, शॉकला भरपूर प्रवास आणि दर तासाला पाच मिनिटं उतरून चालणं, हे धरून चाला. क्रूझर टाळा. कमरेला पट्टा बांधून गाडीवरची वेळ वाढवायची नसते.

हेल्मेटने मान दुखते.

पुण्यातल्या हेल्मेटसक्तीच्या जुन्या वादात न शिरता सांगायचं तर मान बहुतेक वेळा हेल्मेट सैल असल्याने दुखते. सैल हेल्मेट वाऱ्यात उचललं जातं आणि मान ते दिवसभर धरून ठेवते. नवं हेल्मेट गालांना घट्ट हवं, तोंड बंद असताना डोकं हलवलं तर कातडीसकट हललं पाहिजे. कपाळावर अर्ध्या तासात ठणका लागला तर आकार चुकलाय, मोठं घेऊन उपयोग नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्या.

जुनी गाडी घेताना आरामाच्या दृष्टीने काय तपासावं?

पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील गेलेत. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर ‘खट’ करून अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलायचा आहे. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. ते खेळत असेल तर चाकाचे बेअरिंग किंवा स्विंग आर्मचे बुश. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चासी वाकल्याची शंका घ्या आणि ती गाडी सोडून द्या. बाकी सगळं दुरुस्त होतं.

बदल केले तर आरटीओची अडचण येते का?

सीट, मुठी, विंडशील्ड, बॅगा यांना सहसा कुणी अडवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, त्यामुळे सायलेन्सर, हँडलची टोकाची उंची, चाकाचा आकार यांच्या वाटेला जाऊ नका. फटफट करणाऱ्या सायलेन्सरवर पुण्यात कारवाई होते, आणि सहा तास तो आवाज ऐकणं हाही आरामाचाच प्रश्न आहे. महागडं सामान बसवलं तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवा.

लडाखलाही हीच गाडी चालेल का?

चालेल, पण इथे सीसीचा मुद्दा खरा ठरतो. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात घटते. २० हॉर्सपॉवरची ३५० तिथे १०-११ ची होते. एकट्याने जमतं, डबलसीट आणि सामानासह पहिल्या गिअरची सवय ठेवा. पुण्यापासून चालवत जाण्यात साडेचौदाशे किमी फक्त दिल्लीपर्यंत जातात. सुट्टी कमी असेल तर गाडी रेल्वेच्या पार्सलने पुढे पाठवा. टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढलेले, आरसीची प्रत आणि ओळखपत्र सोबत.

गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात गोव्याला जाऊ का?

पहिली सर्व्हिस होऊ द्या. त्यात तेल बदलतं, चेन आणि केबल ताणून मिळतात, आणि नव्या गाडीचे सैल पडलेले बोल्ट आवळले जातात. त्याआधीचे किलोमीटर पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमच्या आत, एकाच वेगाला तासन् तास न धरता चालवा. मधल्या काळात भोर, पानशेत, लोणावळा असे दीडशे किलोमीटरच्या आतले फेरे मारा आणि लिव्हर, गिअरचा दांडा, काच, प्रीलोड एकेक करून आपल्या मापाला आणा. दोन गोष्टी एकदम बदलू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही. गोव्याला निघाल की निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं जा, साधारण साडेचारशे किलोमीटर, आणि कोल्हापूरला जेवायला निवांत थांबा.